शस्त्रदात्या मित्राचा भरंवसा

एखाद्या बलाढ्य राष्ट्राची मैत्री जोडली आणि त्याच्याकडून शस्त्रास्त्रें येऊं लागलीं, म्हणजे लहान राष्ट्राला आपण निर्धास्त झालों असें वाटूं लागतें. छावणींत रणगाडे उभे असतात, आकाशांत नवीं विमानें घिरट्या घालीत असतात आणि मोठ्या मित्राच्या सहीचा कागद दप्तरांत जपून ठेवलेला असतो. परंतु प्रत्यक्ष लढाईच्या दिवशीं ह्यांपैकीं नेमकें काय कामास येतें, ह्या प्रश्नाचें उत्तर भावनेच्या भरांत देतां येत नाहीं. तें इतिहासाच्या जमाखर्चांतच शोधावें लागतें. असा जमाखर्च पाहावयाचा तर अमेरिका आणि पाकिस्तान ह्यांच्या संबंधाइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल. हा संबंध १९५४ पासून २०१८ पर्यंतच्या काळांत तीन वेळां मोठ्या गाजावाजानें जुळला आणि तीन वेळां तुटला. प्रत्येक वेळीं पाकिस्तानांत विश्वासघात हा शब्द उच्चारला गेला, आणि पुढें पुढें अमेरिकेंतहि त्याचा प्रतिध्वनि उमटूं लागला. तो शब्द कितपत यथार्थ होता, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

ह्या कथेचा आरंभ फाळणींत आहे. १९४७ सालीं सैन्याची वांटणी झाली, तेव्हां पाकिस्तानकडे पलटणी आल्या. पण दारूगोळ्याचे व शस्त्रांचे सरकारी कारखाने एकूण एक भारताच्या हद्दींत राहिले. वाह येथें पाकिस्ताननें आपला कारखाना १९५१ सालीं सुरू केला. तथापि रणगाडे आणि विमानें बाहेरूनच आणणें त्यास भाग होतें. त्याच सुमारास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस हे साम्यवादी रशिया व चीन ह्यांच्याभोंवतीं मित्रराष्ट्रांचें कडें उभारण्याच्या खटपटींत होते. एकाला शस्त्रें हवीं होतीं, दुसऱ्याला जागा हवी होती. १९ मे १९५४ रोजीं कराचीस परस्पर संरक्षणसाहाय्याचा करार झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मनिला येथें आग्नेय आशियाच्या संरक्षणाचा करार झाला, त्यांतहि पाकिस्तान सामील झाला. १९५५ सालीं तो बगदाद करारांत शिरला, आणि ५ मार्च १९५९ रोजीं अंकारा येथें अमेरिकेशीं त्याचा आणखी एक स्वतंत्र करार झाला. पॅटन रणगाडे, सेबर जातीचीं लढाऊ विमानें आणि पुढें ध्वनीच्या दुप्पट वेगानें उडणारीं स्टारफायटर विमानें पाकिस्तानांत दाखल झालीं.

ह्या करारांचे शब्द बारकाईनें वाचले पाहिजेत. कारण पुढील सर्व कटुतेचें बीज त्यांतच आहे. मनिला करारावर सही करतांना अमेरिकेनें आपल्यापुरती एक पुस्ती जोडली, कीं आक्रमण ह्या शब्दाचा अर्थ आपण केवळ साम्यवादी आक्रमण एवढाच घेऊं. १९५९ च्या करारांत सशस्त्र साहाय्याचा उल्लेख होता खरा. परंतु तें साहाय्य अमेरिकन काँग्रेसनें मध्यपूर्वेसंबंधीं १९५७ सालीं केलेल्या ठरावाच्या मर्यादेंत द्यावयाचें होतें, आणि तो ठराव आंतरराष्ट्रीय साम्यवादाच्या वर्चस्वाखालील राष्ट्रांनीं केलेल्या आक्रमणाविषयीं होता. इतकेंच नव्हे, तर कराचीचा करार होण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९५४ मध्यें, अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून आश्वासन दिलें होतें. अमेरिकेच्या मदतीचा दुरुपयोग करून कोणींहि दुसऱ्यावर आक्रमण केल्यास त्याच्या निवारणासाठीं तत्काळ योग्य ती कारवाई करूं, असा त्या पत्राचा आशय होता. पंडितजींचें त्यानें समाधान झालें नाहीं, ही गोष्ट निराळी.

पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांना हे शब्द ठाऊक नव्हते असें नाहीं. पण त्यांच्या मनांतला शत्रु मॉस्कोंत नव्हता, तो दिल्लींत होता. आणि शस्त्रें एकदां हातीं आलीं म्हणजे तीं कोणावर रोखावयाचीं हें देणाऱ्याला थोडेंच विचारावें लागतें, अशी त्यांची अटकळ असावी. वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांनाहि ही अटकळ कळण्याइतकें व्यवहारज्ञान खासच होतें. परंतु रशियाच्या सरहद्दीजवळ तळ हवा असल्यामुळें त्यांनीं तिकडे डोळेझांक केली. दोन पक्षांनीं सही एकाच कागदावर केली. वाचला मात्र दोघांनीं आपापल्या परीनें.

अमेरिकेला ह्या व्यवहारांत काय मिळालें, तेंहि पाहिलें पाहिजे. पेशावरजवळ बडाबेर येथें तिला टेहळणीचें ठाणें मिळालें. १ मे १९६० रोजीं रशियाच्या भूमीचीं छायाचित्रें टिपण्यासाठीं निघालेलें यू-टू विमान पेशावरहूनच उडालें आणि स्वेर्दलोव्हस्कजवळ पाडलें गेलें. त्यानंतर क्रुश्चेव्ह ह्यांनीं पेशावरास उघड धमकी दिली. शस्त्रांची किंमत नाण्यांत घेतली गेली नसेल. पण मित्राच्या शत्रूचा रोष पाकिस्ताननें आपल्या अंगावर ओढवून घेतला, ही किंमत लहान नव्हती. पुढें १९६२ सालीं चीननें भारतावर हल्ला केला, तेव्हां अमेरिकेनें भारतालाहि शस्त्रें धाडलीं. अमेरिकेच्या दृष्टीनें त्यांत कोणतीच विसंगति नव्हती. साम्यवादी आक्रमणाविरुद्ध मदत हेंच तर तिचें धोरण होतें. पाकिस्तानला मात्र आपल्या विहिरीचें पाणी शेजाऱ्याच्या शेताला गेल्यासारखें वाटलें. मार्च १९६३ मध्यें त्यानें चीनशीं सीमेचा करार करून टाकला.

खरी कसोटी १९६५ सालीं लागली. ऑगस्टमध्यें काश्मीरांत घुसखोर शिरले; १ सप्टेंबर रोजीं छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे पुढें सरकले; आणि ६ सप्टेंबर रोजीं भारतीय सेनेनें लाहोरच्या रोखानें सरहद्द ओलांडली. ८ सप्टेंबर रोजीं अमेरिकेनें दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविल्याचें जाहीर केलें. हा निर्णय शब्दांत समान होता, परिणामांत नव्हता. भारताजवळ ब्रिटनचे सेंच्युरियन रणगाडे होते, फ्रान्सचीं विमानें होतीं, रशियाचीं मिग येऊं लागलीं होतीं आणि घरचे कारखाने चालू होते. पाकिस्तानचें आधुनिक सैन्यबळ जवळजवळ सगळें एकाच दुकानांतून आणलेलें होतें, आणि तें दुकान ऐन लढाईंत बंद झालें.

दुकान बंद झाल्यानें एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. तलवार एकदां विकत घेतली कीं ती घेणाऱ्याची झाली. फार तर शिकलगाराकडून तिला धार लावून घ्यावी लागते. लढाऊ विमानाचें तसें नाहीं. ठराविक तास उड्डाण झालें कीं त्याचें एंजिन उकलून तपासावें लागतें. त्याचे टायर झिजतात, नळ्या गळूं लागतात, विजेचीं यंत्रें बिघडतात. आणि ह्यांतील प्रत्येक सुटा भाग त्याच मापाचा व बहुधा त्याच कारखान्याचा लागतो. तो न आल्यास एका विमानाचे अवयव काढून दुसऱ्यास बसवावे लागतात, आणि अशा रीतीनें एकेक विमान जमिनीवर राहूं लागतें. विमान देऊन झाल्यावरहि देणाऱ्याचा हात त्याच्यावरून निघत नाहीं, तो असा. शत्रूच्या तोफखान्याला जें साधत नाहीं, तें पुरवठा करणाऱ्याच्या कचेरींतील एका सहीनें साधतें.

अर्थात् पाकिस्तानच्या सर्व अपयशाचें खापर अमेरिकेच्या माथीं फोडतां येणार नाहीं. खेमकरणजवळ असल उत्तर येथें पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले आणि भारतीय तोफांच्या माऱ्यांत सांपडले. अब्दुल हमीद ह्या वीराला तेथील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें, आणि ते नादुरुस्त रणगाडे जेथें मांडून ठेवले त्या जागेला पॅटननगर असें नांव पडलें. त्या रणांगणांत उणीव सुट्या भागांची नव्हती, योजनेची होती. तथापि युद्ध थांबल्यावर पाकिस्तानी जनतेच्या मनांत राहिलें तें शल्य मित्रानें हात आंखडल्याचें. २३ मार्च १९६६ च्या संचलनांत चिनी रणगाडे आणि चिनी विमानें लोकांना पाहावयास मिळालीं. १९६७ सालीं अध्यक्ष अयूबखान ह्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, त्याच्या इंग्रजी नांवाचा भावार्थच मित्र हवेत, धनी नकोत असा होता. बडाबेरच्या तळाची मुदत वाढविणार नसल्याची नोटीस १९६८ सालीं अमेरिकेला मिळाली.

१९७१ सालचा प्रसंग ह्याच्या उलट दिशेनें बोलका आहे. त्या वेळीं अध्यक्ष निक्सन ह्यांचा कल उघडउघड पाकिस्तानकडे होता. त्यांनीं एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडलीहि. पण त्या आरमाराची एकहि तोफ न झडतां १६ डिसेंबर रोजीं ढाक्यास शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. सहानुभूति निराळी आणि दुसऱ्याच्या युद्धांत स्वतःचें रक्त सांडण्याची तयारी निराळी, हें त्या दिवशीं कळून चुकलें.

दुसरें पर्व अफगाणिस्तानामुळें सुरू झालें. एप्रिल १९७९ मध्यें पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाचा संशय येऊन अमेरिकेनें मदत तोडली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रशियन फौजा अफगाणिस्तानांत उतरल्या आणि तोच पाकिस्तान एकाएकीं आघाडीचें राष्ट्र ठरला. अध्यक्ष कार्टर ह्यांनीं ४० कोटि डॉलर देऊं केले, तेव्हां जनरल झिया ह्यांनीं त्या रकमेची शेंगदाणे म्हणून संभावना केली. गरज कोणाची अधिक आहे हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. कारण १९८१ सालीं रीगन सरकारनें सहा वर्षांत ३२० कोटि डॉलरची मदत आणि ४० एफ-१६ विमानें विकत देण्याचें मान्य केलें. अणुबाँबची गोष्ट मात्र मिटली नव्हती. १९८५ सालीं सिनेटर प्रेसलर ह्यांच्या नांवानें ओळखली जाणारी कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली. पाकिस्तानजवळ अणुबाँब नाहीं असा दाखला अमेरिकेच्या अध्यक्षानें दरवर्षीं द्यावा, आणि तो देतां न आल्यास मदत व शस्त्रविक्री थांबवावी, अशी ती तरतूद होती. रशियन फौजा अफगाणिस्तानांत होत्या तोंवर दाखला दरवर्षीं मिळत गेला. शेवटचा रशियन शिपाई फेब्रुवारी १९८९ मध्यें परतला. ऑक्टोबर १९९० मध्यें अध्यक्ष बुश ह्यांनीं दाखला दिला नाहीं.

ह्याच सुमारास पाकिस्ताननें आणखी एफ-१६ विमानांची मागणी नोंदविली होती आणि त्यापोटीं सुमारें ६५ कोटि ८० लाख डॉलर भरले होते. त्यांतील २८ विमानें तयार झालीं. पण तीं कराचीस न जातां अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटांत उभीं करून ठेवण्यांत आलीं. तेथील हवा कोरडी असल्यामुळें विमानें गंजत नाहींत, एवढाच काय तो दिलासा. विमानें मिळेनात आणि पैसेहि परत मिळेनात, अशा स्थितींत आठ वर्षें गेलीं. डिसेंबर १९९८ मध्यें तडजोड झाली. उरलेल्या रकमेची भरपाई कांहीं रोख डॉलरांत आणि कांहीं गहू वगैरे मालाच्या रूपानें करण्याचें ठरलें. लढाऊ विमानांच्या मोबदल्यांत गहू घेण्याची पाळी ज्या राष्ट्रावर आली, त्याला काय वाटलें असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. तीं विमानें पुढें अमेरिकेच्याच हवाईदलांत व आरमारांत सरावासाठीं वापरलीं गेलीं.

ह्या वागणुकीला विश्वासघात म्हणावें काय? कायदा पांच वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. बाँबचें काम चालू ठेवावयाचें आणि तें चालू नाहीं असें सांगावयाचें, हा मार्ग पाकिस्ताननें समजून उमजून पत्करला होता. उलट अमेरिकेनें दाखले दिले, ते खातरजमा झाली म्हणून नव्हे, तर गरज होती म्हणून, असें म्हणण्यास भरपूर जागा आहे. गरज संपतांच कायद्याची आठवण तीव्र झाली. म्हणजे अमेरिकेनें करारांतील अक्षर मोडलें नाहीं. मोडली ती पाकिस्ताननें त्या अक्षरांवर बांधलेली आशा. शिवाय अमेरिकेच्या राज्यपद्धतींत अध्यक्षानें दिलेलें वचन काँग्रेसच्या कायद्यापुढें टिकतेंच असें नाहीं, आणि मागील अध्यक्षाची कळकळ पुढच्या अध्यक्षाला वारशानें मिळत नाहीं. करार करणाऱ्या परराष्ट्राला समोर एक माणूस दिसतो. त्याच्यामागें उभ्या असलेल्या विधिमंडळाचा आणि पुढील निवडणुकीचा विचार करण्यास तें विसरतें.

तिसऱ्या पर्वाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेला अफगाणिस्तानाची वाट पुन्हां हवी झाली. २००४ सालीं पाकिस्तानला नाटोबाहेरील प्रमुख मित्राचा दर्जा मिळाला, आणि पुन्हां एफ-१६ विमानें मिळालीं. मे २०११ मध्यें ओसामा बिन लादेन अबटाबादेंत, पाकिस्तानच्या लष्करी विद्यालयाच्या परिसरांत, अमेरिकन सैनिकांच्या हातून मारला गेला. आतां विश्वासघाताचा आरोप वॉशिंग्टनमधून होऊं लागला. जानेवारी २०१८ मध्यें अमेरिकेनें लष्करी मदत स्थगित केली. मध्यंतरींच्या काळांत पाकिस्ताननें आपलें दुकान बदललें होतें. चीनच्या सहकार्यानें जेएफ-१७ हें विमान तो स्वतःकडे बांधूं लागला. आणि २०२० ते २०२४ ह्या पांच वर्षांत त्याच्या आयात शस्त्रांपैकीं शेंकडा ८० हून अधिक शस्त्रें चीनचीं होतीं, असें स्टॉकहोम येथील शांतता-संशोधनसंस्थेचे आंकडे सांगतात. दुकान बदललें, एकाच दुकानावर विसंबण्याची रीत मात्र बदलली नाहीं.

ही हकीकत ऐकून भारतीय श्रोत्यानें समाधानाचा सुस्कारा टाकावा, अशी मात्र स्थिति नाहीं. मिग-२१ विमानांचा करार १९६२ सालीं झाल्यावर नाशिकजवळ ओझर येथें, तसेंच कोरापुट व हैदराबाद येथें कारखाने निघाले. रशियानें ऐन युद्धांत भारताचा पुरवठा तोडला नाहीं, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. परंतु १९९१ सालीं सोव्हिएट संघच लयास गेला, आणि एका कारखान्याचे सुटे भाग निरनिराळ्या नव्या राष्ट्रांत विखुरले. भारतीय हवाईदलाचीं एएन-३२ वाहतूक विमानें कीव्ह येथें बांधलेलीं. त्यांच्या नूतनीकरणाचा करार २००९ सालीं युक्रेनशीं झाला, पण २०१४ नंतर रशिया व युक्रेन ह्यांच्यांत वैर पेटलें आणि भारतांत व्हावयाचें उरलेलें काम सुट्या भागांवांचून रेंगाळलें. येथें पुरवठादाराची नियत बदलली नव्हती. त्याचें घरच मोडलें होतें. १९९८ च्या अणुचांचणीनंतर अमेरिकेनें निर्बंध घातले, तेव्हां आरमाराचीं ब्रिटिश बनावटीचीं सी-किंग हेलिकॉप्टरेंहि अडकून पडलीं. कारण त्यांच्या पोटांत अमेरिकन भाग होते.

महाराष्ट्राला तर हा धडा त्याहूनहि जुना आहे. महादजी शिंद्यांनीं द बॉयनच्या हातून कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्यास तोफाहि ओतल्या जात होत्या. पण १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच इंग्रजांनीं शिंद्यांच्या नोकरींतील गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडणारा जाहीरनामा काढला. अनेक अधिकारी निघून गेले, आणि द बॉयनच्या जागीं आलेला पेरॉन सप्टेंबरांत स्वतःच इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईच्या रणांत शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशींच मरून पडले. तोफा घरच्या होत्या, हिंमत घरची होती; फौज चालविण्याची विद्या तेवढी उसनी होती, आणि तिनेंच घात केला.

ह्यावरून परक्याचें शस्त्र घेऊंच नये असें अनुमान काढणें चुकीचें ठरेल. ज्या राष्ट्राला सर्व कांहीं घरीं बनवितां येतें असें राष्ट्र विरळा, आणि संकट कारखाना पुरा होईपर्यंत थांबत नाहीं. मात्र मोठें राष्ट्र विश्वासू आहे काय, हा प्रश्न ज्या रीतीनें विचारला जातो ती रीत सदोष आहे. विश्वासूपणा हा एखाद्या राष्ट्राच्या अंगचा कायमचा गुण नव्हे. दोन राष्ट्रांचें हित जेवढा काळ जुळतें तेवढाच त्याचा काळ. म्हणून घेणाऱ्यानें विचारावयाचे प्रश्न अधिक रोखठोक असले पाहिजेत. देणाऱ्याचा शत्रु आणि आपला शत्रु एकच आहे काय, आणि तो किती वर्षें एक राहील? करारांतील अटी देणाऱ्याच्या विधिमंडळांत कोणत्या अर्थानें वाचल्या जातील? पुरवठा उद्यां थांबला तर आपल्या कोठारांतले सुटे भाग किती महिने पुरतील, आणि त्यांतले कोणते आपल्या कारागिरांना घडवितां येतील? हे प्रश्न विमानें येण्यापूर्वीं विचारावे लागतात. तीं दुसऱ्याच्या वाळवंटांत जाऊन उभीं राहिल्यावर विचारण्यांत हंशील नसतें.